अव्वाला स्टँडवर उभी करून गेलास

सदा, तुझ्या रक्षाविसर्जनाला घाटावर जमलेली माणसं बघून माझं डोकं फिरलं. अशा जागी राग येऊ नये, पण तू मला ओळखतोस. मला वाटलं होतं, तुझे भाऊबंद, पाटबंधारे ऑफिसातले चार कारकून, दोन-तीन लेखक आणि मी, एवढेच असू. लेखक आले तसे गेले, त्यांना पुढं कुठला तरी कार्यक्रम होता. कारकुनांना हजेरी गाठायची होती. बाकीची माणसं मात्र जागची हलेनात, आणि ती कोण होती ते मला कळेना.

घाटाबाहेर चहाच्या गाड्यावर एक म्हातारा शिंपी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पावणं, सदाभाऊ तुमचं कोण लागत हुतं?"

"दोस्त."

"माझंबी. माझ्या आज्ज्यावर लिवत हुतं. आज्ज्यानं एका पैलवानाचा अंगरखा बेतला, माप चुकलं, आनि भ्याच्या मारं गाव सोडून पळाला. सदाभाऊनी त्याला मिरजंपातूर न्हेलता. पुढं काय न्हेला न्हाय."

पलीकडे मुरगूडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचा मिरजेपर्यंत तरी गेला. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरून ठेवलाय. धरणाऱ्यांचे हात भरून आले असतील आता."

"आनि आमची म्हस?" गंगावेशीतला एक गवळी म्हणाला. "तिला दावं लावून दारात हुबी केलीया नुसती. ना धार, ना वैरण."

माणसं हसली. डोळे पुसत हसली. प्रत्येकाला तू एकच सांगून ठेवलं होतंस, "आता तुमचंच पुढं घेतो." शिंप्यानं मला विचारलं, "तुमचं कुठवर आलतं?" मी कप गाड्यावर आपटला आणि चालू लागलो. नवऱ्याच्या मागं बाईला कळावं, की सवत होती हे तर माहीतच होतं, पण ती एक नव्हती, गल्लीच्या गल्ली होती, तसं मला झालं. मी इतकी वर्षं तुझ्या नव्या गोष्टींवर जळत होतो. आता कळलं, की त्यांतल्या अर्ध्या माझ्यासारख्याच ताटकळत बसल्या होत्या आणि माझ्यावर जळत होत्या.

तू माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास ते तुझ्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं म्हणून. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, आतल्या बोळात माझं दुकान तेव्हा नवं होतं. त्याआधी माझ्या गावाहून, हुपरीहून, पिशवीत पैंजण घालून मी एस.टी.नं यायचो आणि मोठ्या सराफांच्या पायऱ्यांवर बसून राहायचो. आत बोलावतील तेव्हा जायचं, ते म्हणतील तो भाव घ्यायचा. स्वतःची गादी घातल्यावर माझी एकच हौस होती, तोंडाला फेस येईपर्यंत भाव करायचा. आणि तू बाळाचे वाळे उचललेस, मी आकडा सांगितला, तू पाकीट काढलंस. मी गार पडलो.

"ओ पावणं, घासाघीस करा की जरा."

"कशाला? तुम्ही सांगताय म्हणजे तेवढाच असंल की."

"तेवढाच कसा असंल? मी येडा हाय व्हय?"

"मग खरा सांगा."

"असा सांगत नसत्यात. तुम्ही निम्मा म्हणायचा. मी कपाळाला हात लावायचा. तुम्ही उठायचं. मी माघारी बोलवायचं. तवा कुठं खरा निघतोय."

तू पाकीट खिशात घातलंस, उठलास, दारापर्यंत गेलास आणि वळून म्हणालास, "बोलवा की आता." मला हसू आलं. माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकासमोर हसलो ते तेव्हाच. मग तू गादीवर बसून वाळ्याचं एक घुंगरू बोटानं हलवत विचारलंस, "हे कोण बसवतं?"

"आता बाया बसवत्यात. आधी माझी अव्वा बसवत हुती."

आमच्या कर्नाटक सीमेकडच्या घरांत आईला अव्वा म्हणतात. माझी अव्वा दुकान बघायला राहिली नाही. मी तुला सांगितलं, की ती प्रत्येक घुंगरू कानाशी नेऊन हलवायची आणि आतला दाणा नीट बोलला नाही तर "मुकं हाय" म्हणून बाजूला टाकायची. आमच्या गल्लीत घराघरात ठोकाठोकी चाले, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पण अव्वाला मुकं घुंगरू कळायचं. एवढंच सांगितलं. तू वाळे घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परत आलास. "अव्वाचं आणखी सांग की," म्हणालास. पावणं गेलं, एका दिवसात तू मला अरेतुरेवर आणलंस.

तू लेखक आहेस हे मला तेव्हा कळलं. तुझी दोन पुस्तकं निघाली होती. मी वाचली नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला एकच दिसलं, की ह्या माणसाच्या हातात कसब आहे आणि माझ्याकडे माल आहे.

हुपरीत एक पैंजण एका घरात तयार होत नाही. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या जुळवतात, तिसऱ्यात घुंगरं बसवतात, चौथ्यात उजाळा देतात. चांदी व्यापाऱ्याची असते. ती कारागिराला जेवढ्याला तेवढी द्यायची. काम होऊन परत आलं, वजन भरलं, की पुढची. सगळी लगड एकदम हवाली करणारा व्यापारी मी बघितलेला नाही. मी तुला अव्वा तशीच दिली. थोडी सांगायची, तू लिहून आणायचं, मी ऐकायचं, मनाला पटलं की पुढची. त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही.

दुपारी गुजरी पेंगायला लागली की तू ऑफिसातून सटकून यायचास आणि वाचून दाखवायचास. पहिला भाग घुंगरांचा होता. दुसरा भाग वडील गेल्यावर अव्वा चुलत्यांच्या घरात कशी राहिली त्याचा. घरात तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. तिच्यासमोर घुंगरांची परात ठेवायचे आणि उचलायचे. हे मी तुला एका वाक्यात सांगितलं होतं. तू त्याची सहा-सात पानं केलीस आणि त्यातली एक ओळ मला खोटी वाटली नाही. मी त्या घरात वाढलो, तरी मला ती अशी दिसली नव्हती. तू तिला कधी पाहिलं नव्हतंस आणि तुला ती दिसत होती. तिथंच माझी जळजळ सुरू झाली.

मग मी तुला तो दिवस दिला.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. अव्वानं सकाळी मला भाकरी वाढली, "शाळा सुटली की काकूकडं जेव" म्हणाली, आणि गेली. हुपरीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून गगनबावडा. तिथून घाट उतरला की कोकण. आषाढ होता, आणि गगनबावड्याचा आषाढ तुला मी सांगायची गरज नव्हती. तिकडं आमचं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती परत आली. अंगावर कुणाचं तरी घोंगडं होतं, भिजून जड झालेलं. तिनं घोंगडं वळणीवर टाकलं, हात पुसले आणि परातीपुढे बसून घुंगरं हलवायला लागली. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

ती का परत आली, ते मला पुढं कळलं होतं. ते मी राखून ठेवलं. म्हणालो, "एवढं लिहून आण. शेवट मग सांगतो."

तू तिला गगनबावड्याच्या स्टँडपर्यंत आणलीस. पत्र्याची शेड, बाहेर धुकं आणि पाऊस एकमेकांत कालवलेले, गाडीच्या वेळा खडूनं लिहिलेला फळा, आणि फळ्यावरचा पहिला आकडा पागोळीनं पुसला गेलेला, म्हणून ती तिथंच उभी, कुणाला विचारावं ह्या विचारात. तू वाचत होतास आणि मी उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हणालो, "ऊन येतंय." बोळात ऊन कधी येत नाही.

"पुढच्या आठवड्यात पुढचं आणतो," म्हणालास.

त्याच आठवड्यात आपण गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला गेलो होतो. समोर म्हैस पिळून गवळी गरम फेसाचा पेला हातात देतो, तो पीत तू उभा होतास आणि मी विचारत होतो, की ती स्टँडवरनं पुढं काय करते. गवळी आपल्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "मालक गेल्यापास्नं ही पानवतच न्हाय. त्येंचा सदरा अंगावर घालून बसलं तरच धार काढू देतीया. आता माझं प्वॉट केवढं आनि त्येंचा सदरा केवढा."

तुझी नजर माझ्यावर होती आणि कान तिकडं गेले होते. मला ते दिसलं. नवी गोष्ट आली की तू कानाची पाळी चोळायला लागायचास. तू चोळायला लागलास.

"सदा, मी अव्वाचं इचारतोय."

"व्हय व्हय. बोल की, ऐकतोय." आणि गवळ्याकडं वळून, "मामा, सदरा धुतलेला चालतो का तिला, का बिनधुतलाच लागतो?"

मी पेला ठेवून निघून गेलो. तुला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "काल लवकर गेलास?"

म्हशीच्या मागं शिंप्याचा आज्जा आला, त्याच्या मागं अंतरपाट आला असेल. मला तेव्हा नावं माहीत नव्हती, पण मला दर वेळी कळायचं. बाहेर भानगड असलेल्या नवऱ्यासारखा तू आल्या आल्या गोड बोलायचास. "मल्लू, अव्वाचं डोक्यात सुरू हाय बरं का." मी म्हणायचो, "डोक्यात न्हवं, कागदावर." तू म्हणायचास, "कागदावर यायला ती पाऊल तर उचलू दे. शेवट सांग, उचलतीया." मी म्हणायचो, "लिही, मग सांगतो." आपली गाडी तिथंच रुतायची.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या दिवाळीला तू एका अंकात जी गोष्ट छापलीस, ती मी सोसली नाही.

अंक मला शेजारच्या सराफानं आणून दिला. "तुमच्या दोस्ताची गोष्ट पैली हाय. झ्याक लिवलंय." गोष्ट एका धनगराची होती. गगनबावड्याच्या स्टँडवर पावसात अडकलेला, अंगावर बापाचं घोंगडं, आणि बाप गेल्यापासून ते कुणाला हात लावू न देणारा. शेवटी तो ते घोंगडं काढून एका अनोळखी बाईच्या अंगावर घालतो आणि भिजत डोंगराकडं चालू लागतो. पुरी गोष्ट. सुरुवात, मधला भाग, शेवट, सगळं जागच्या जागी. त्यात माझी अव्वा किती होती? "शेडमध्ये एक बाई उभी होती." आणि शेवटी, "बाई काही बोलली नाही." झालं.

तू आलास तेव्हा मी अंक गादीवर उघडून ठेवला होता.

"हे काय हाय?"

"वाचलीस? कशी वाटली?"

"घोंगडं कुणाचं हाय?"

"अरे, तेच तर. तू म्हणालास कुणाचं तरी घोंगडं. मी इचार करत बसलो, कुणाचं असंल? तो समोर येऊन उभाच राहिला. मग त्याला सोडवंना."

"आनि माझी आई? एक बाई?"

"ती तिच्या गोष्टीत हाय की. ही त्याची गोष्ट हाय."

"तिच्या अंगावरचं घोंगडं काढून घेऊन तू त्याला मोठा केलास, सदा. त्याला बाप दिलास, त्याला शेवट दिलास. तिला काय दिलंस? उभी राहा म्हणालास."

तू पहिल्यांदा माझ्यावर चिडलास. एरवी चिडायचं काम माझं होतं. "शेवट तू दिला न्हाईस तिला. मी न्हवं. तू मला मोजून देतोस. तो गवळी, आणखी कोण कुठली माणसं, पोट मोकळं करून सांगून जातात. तू पुडी बांधून देतोस आणि वर म्हणतोस, वजन भरलं पायजे. असं लिहिता येत न्हाई, मल्लू."

"मग तिकडंच जा. मोकळ्या पोटाच्या माणसांकडं."

तू गेलास. मी तुला माघारी बोलावलं नाही. बोलवायचं असतं हे तुला मीच शिकवलं होतं, म्हणून तू दाराशी जरा थांबलास, ते मी बघितलं. तरी बोलावलं नाही. ज्या माणसानं माझी आई भलत्याच गिऱ्हाइकाला दिली, त्याला मी का बोलवावं? हे तुझ्या माझ्यात मिटलेलं नाही आणि तू गेलास म्हणून मी ते मिटलं असं म्हणणार नाही.

वर्षभर आपण बोललो नाही. त्या वर्षात तुझं नाव झालं. घोंगड्याची गोष्ट शाळेच्या पोरांना वाचून दाखवली, तुझा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ घेतलेला तुझा फोटो पेपरात आला. शाल बघून मला हसू आलं, कारण तुला ती ज्याच्यामुळं मिळाली ते घोंगडं आमच्या वळणीवर वाळत पडलं होतं. तुझी दुसरी पुस्तकंही मी त्याच वर्षात विकत घेऊन वाचली. चांगली होती. चांगली होती म्हणून आणखी राग आला. वाईट असती तर म्हणालो असतो, सोड, ह्याच्या हातात तसाही दम नाही.

मग एका दुपारी तू पायरी चढून आलास आणि काही न झाल्यासारखा गादीवर बसलास.

"का आलास?" मी विचारलं.

"आलो," म्हणालास. "चहा सांग."

मी चहा सांगितला. त्यानंतर तू येत राहिलास, मी विचारत राहिलो, "अव्वा कुठवर आली?", आणि तू सांगत राहिलास, "हाय तिथंच हाय." माझं दुकान बोळातून रस्त्यावर आलं. पोरींची लग्नं झाली. लोकांच्या खिशात मोबाइल आले, आणि तू तो घेतल्यावर तर तुझा ठावठिकाणाच राहिला नाही, कारण आता नवी माणसं तुला फोन करून आपल्या गोष्टी सांगायला लागली. माझ्याशी बोलता बोलता तो वाजला, की मी नाव बघायचो. असं बायका बघतात म्हणे.

तुला हे सांगितलं पाहिजे, की सदा, त्या दुपारींइतकं चांगलं मला दुसरं काही मिळालं नाही. मी बाजारात वाढलो. मला जी माणसं भेटली ती माझ्याकडं तरी काही मागायला आली, नाहीतर माझ्यापासून काही लपवायला. तू माझ्याकडं माझी आई मागितलीस. कुणी मागण्यासारखं काही माझ्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती आणि तू शेजारच्या खाटेवरच्या ट्रकवाल्याचं ऐकत होतास. मी बोलायला लागलो तर तू हात वर करून मला गप्प केलंस. "थांब, ह्यांचं हुबळीपर्यंत आलंय." मी मोसंब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ट्रकवाल्याला झोप लागल्यावर तू माझ्याकडं वळलास. पाळी चोळायला हात उचलत नव्हता, पण बोटं हलत होती.

"शेवट सांग की आता, मल्लू."

"बरा होऊन दुकानात ये. मग सांगतो."

"लई ताणतोस."

"ताणल्याबिगर सौदा हुतोय व्हय?"

तू हसलास. मी जे केलं ते बरोबरच केलं. ज्या माणसानं उद्या यायला हवं आहे, त्याला आज सगळं देऊन मोकळं करायचं नसतं. बाजारात हा नियम कधी चुकला नव्हता.

काल वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी मला तुझ्या खुर्चीवर बसवलं, मला ते आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे अधूनमधून म्हणायचे, मल्लूच्या अव्वाला लई वेळ पावसात उभी केलीय. जेवता जेवता म्हणायचे. मी म्हटलं, मग बसवा की तिला कुठंतरी. तर म्हणाले, बसवली तर ती झोपंल, आणि तिची गाडी चुकंल."

"कुठली गाडी म्हणाले?" मी विचारलं. "खाली जायची, का माघारी यायची?"

वहिनी विचारात पडल्या. "ते नाही बोलले."

मला तेच कळायला हवं होतं, सदा. एवढी वर्षं मला तेवढंच हवं होतं. तुला वाटलं मी घासाघीस करतोय. चांदी पारखणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही, की ही किती टंच आहे. सांगितलं, की त्याचा डोळा तेवढंच बघतो. म्हणून ती माघारी आली एवढंच मी तुला सांगितलं, का आली तो शेवट सांगितला नाही. मला बघायचं होतं, की अव्वा तुझ्या हाती मोकळी सोडली, कुणी काही न सांगता, तर ती आपली आपण माघारी वळते का. तू माणसं ओळखत होतास, माझ्याहून जास्त. तू तिला वळवली असतीस तर मी मान्य केलं असतं. तू तिला घाटाखाली घालवली असतीस तरी, आरडाओरडा करून, मान्य केलं असतं. पण तू तिला उभी केलीस आणि कुणाकुणाच्या म्हशी पिळत बसलास.

आता सगळं देतो. ह्या वेळी वजन करत नाही.

दुकान घालायच्या आधी, शेवटच्या आजारात अव्वा सरकारी दवाखान्यात होती. मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"अव्वा, त्या येळी गगनबावड्यास्नं माघारी का आलीस?"

"घाट बंद हुता. दरड पडली हुती. गाड्या खाली सोडंनात."

"कुठं जाणार हुतीस?"

"रस्ता जाईल तिकडं."

"आनि घाट उघडा असता तर?"

मी चमचा धरून थांबलो. मला एकच वाक्य हवं होतं, की तुझ्यासाठी आले असते रे. खोटं असतं तरी मी ते खरं म्हणून आयुष्यभर वापरलं असतं. माझ्या अव्वानं ते दिलं नाही. सगळ्या हुपरीत तिच्याइतकं पक्कं कुणी नव्हतं.

"आलो न्हवं माघारी?" ती म्हणाली. "मग. आलेल्या माणसाला का आला म्हणून इचारू नगं." आणि तिनं तोंड उघडलं, म्हणजे मी पुढचा चमचा द्यावा.

एवढाच शेवट आहे, सदा. चांगला आहे, तेवढं मला कळतं. मी तो वेळेवर सांगितला असता, तर तू पाळी चोळत उठला असतास आणि ते वाक्य कुठल्या तरी कंडक्टरच्या नाहीतर मास्तराच्या तोंडी घालून दिवाळी अंकात छापून मोकळा झाला असतास. मी तुझ्याशी परत वर्षभर बोललो नसतो. आणि वर्षानं तू पायरी चढून आला असतास, तेव्हा काही न विचारता चहा सांगितला असता.